आलेफ ते ताव : हिब्रू धर्मकाव्यातील अक्षरक्रमाची परंपरा

ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे केली जाते. जैन परंपरेत तर लिपीला पूज्यत्वच प्राप्त झालेले आहे. भगवान ऋषभदेवांनी आपल्या ब्राह्मी या कन्येस लिपी व सुंदरी या कन्येस अंकविद्या शिकविली, ही कथा प्रत्येक जैन घरात लहानपणापासून कानावर पडते. भगवतीसूत्राच्या आरंभीच्या मंगलात ब्राह्मी लिपीला वंदन केलेले आहे. ज्ञानपंचमी असो वा श्रुतपंचमी, त्या दिवशी ग्रंथभांडारातील पोथ्या बाहेर काढून त्यांची भक्तिभावाने पूजा केली जाते. लिहिलेल्या अक्षराविषयी एवढा आदर बाळगणारे समाज जगात फार थोडे आहेत.

अशा थोड्या समाजांपैकी एक म्हणजे ज्यू अथवा यहुदी समाज. संख्येने लहान, व्यापारात कुशल, अनेक देशांत विखुरलेला आणि तरीही आपल्या धर्मग्रंथांना प्राणापलीकडे जपणारा हा समाज आहे. त्यांच्या हिब्रू धर्मग्रंथात काही स्तोत्रे अशी आहेत, की त्यांचा पहिला चरण वर्णमालेच्या पहिल्या अक्षराने, दुसरा दुसऱ्या अक्षराने, याप्रमाणे क्रमाने सुरू होऊन शेवटच्या अक्षरापाशी स्तोत्र पूर्ण होते. ही रचना म्हणजे केवळ काव्यातील चमत्कृती आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु तिचा इतिहास पाहू लागले, की ग्रंथ जपणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाची एक विलक्षण कथा समोर येते. त्या कथेचा परिचय करून देण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

रचनेचे स्वरूप

हिब्रू वर्णमालेत एकूण २२ अक्षरे आहेत. ती सर्व व्यंजने असून लेखन उजवीकडून डावीकडे होते. पहिले अक्षर आलेफ, दुसरे बेथ, तिसरे गिमेल, चौथे दालेथ आणि अखेरचे ताव. त्यामुळे या पद्धतीच्या बहुतेक रचनांत २२ ही संख्या अथवा तिच्या पटी आढळतात. ही वर्णमाला ज्या अक्षरक्रमाच्या कुळातील आहे, तो क्रमही अतिशय जुना आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या प्राचीन नगरात मातीच्या लहान पाट्या सापडल्या. इ.स.पूर्व चौदाव्या-तेराव्या शतकांतील या पाट्यांवर तेथील ३० चिन्हांची वर्णमाला क्रमवार लिहिलेली असून, तिच्यातील अक्षरांचा क्रम हिब्रू क्रमाशी बऱ्याच अंशी जुळतो.

भारतीय वाचकास ही कल्पना अपरिचित नाही. प्राचीन गुजरातीत जैन कवींनी 'कक्क' व 'मातृका' या नावांच्या रचना केल्या. त्यांत ककारापासून, अथवा संपूर्ण मातृकाक्षरांच्या क्रमाने, एकेक पद्य येते. हिंदीतील 'बावनी' व 'बारहखडी' या रचनाही त्याच प्रकारच्या होत. जयपूर परिसरातील विद्वान दौलतराम कासलीवाल यांनी अठराव्या शतकात 'अध्यात्म बारहखडी' लिहिली. या रचना व हिब्रू स्तोत्रे यांचा परस्परांशी संबंध असल्याचा पुरावा नाही. मूल जी अक्षरे पाटीवर गिरवते, त्याच अक्षरांच्या पायऱ्यांनी धर्माचा बोध करावा, ही कल्पना दोन दूरच्या भूमींत स्वतंत्रपणे सुचली, एवढेच म्हणता येईल.

या बंधनातील अडचणही मराठी माणसाच्या सहज लक्षात येण्यासारखी आहे. मराठीत 'ण' अथवा 'ळ' या अक्षरांनी शब्द सुरू होत नाही. तेव्हा वर्णक्रमाने अभंग रचू पाहणारा कवी तेथे अडखळणारच. हिब्रूत 'वाव' या अक्षराची अशीच स्थिती आहे. त्या अक्षराने सुरू होणारे शब्द अगदी मोजके. पण 'आणि' या अर्थाचा उपसर्ग मात्र वाव हाच आहे. म्हणून वावची पाळी आली, की कवी 'आणि' म्हणून पुढील चरणास हात घालतो. बंधनातून वाट काढण्याचे हे कौशल्य या स्तोत्रांत जागोजागी दिसते.

कोणकोणती स्तोत्रे?

हिब्रू धर्मग्रंथातील 'स्तोत्रसंहिता' या भागात १५० स्तोत्रे आहेत. त्यांपैकी ९ व १० (ही दोन मिळून एकच रचना), २५, ३४, ३७, १११, ११२, ११९ आणि १४५ ही स्तोत्रे अक्षरक्रमाने बांधलेली आहेत. 'नीतिसूत्रे' या ग्रंथाचा अखेरचा भाग आणि 'विलापगीत' या ग्रंथाचे पहिले चार अध्यायही असेच आहेत. नहूम या प्रेषिताच्या ग्रंथारंभी अशा रचनेचा सुमारे निम्मा भाग आढळतो.

यांत आकाराने सर्वांत मोठे स्तोत्र ११९ वे. त्यात प्रत्येक अक्षरासाठी आठ चरण आहेत. म्हणजे २२ गुणिले ८, एकूण १७६ चरण. आलेफने सुरू होणारे आठ चरण संपल्यावर बेथचे आठ, मग गिमेलचे आठ, असा हा क्रम आहे. संपूर्ण स्तोत्राचा विषय एकच, तो म्हणजे ईश्वरी आज्ञेवरील प्रेम. नियम, वचन, विधी, साक्ष अशा अर्थांचे आठ शब्द कवी आलटून पालटून योजतो. 'तेथ' या अक्षराच्या गटात आठांपैकी पाच चरण 'चांगले' या अर्थाच्या एकाच धातूपासून झालेल्या शब्दांनी सुरू होतात. जपमाळेचा मणी पुन्हा पुन्हा त्याच बोटाखाली यावा, तसा हा परिणाम आहे.

१११ व ११२ ही जुळी स्तोत्रे. दोन्हींत चरणार्ध मोजले तर बरोबर २२ भरतात. पहिल्यात ईश्वराच्या कृत्यांची स्तुती आहे, तर दुसऱ्यात सज्जन गृहस्थाचे वर्णन. हा सज्जन गरजूंना उसने देतो, आपले व्यवहार न्यायाने करतो आणि वाईट वार्तेने डगमगत नाही. ३७ व्या स्तोत्रात दुर्जनाची भरभराट पाहून मनात जळफळाट करू नये, असा वडीलधाऱ्याचा उपदेश आहे. ३४ व्यात जीभ आवरण्याचा व शांतीच्या मागे लागण्याचा उपदेश येतो. अहिंसा, सत्य व संयम यांची शिकवण लाभलेल्या वाचकास यांतील पुष्कळसे विचार जवळचे वाटतील.

नीतिसूत्रांच्या शेवटी २२ चरणांत कर्तबगार गृहिणीची प्रशंसा आहे. ती पहाटे अंधार असताना उठते, लोकर व जवसाचे धागे निवडते, चाती फिरवते, दीनांना हात देते, तलम वस्त्रे तयार करून विकते आणि व्यापाऱ्यांना कमरपट्टे पुरवते. इतक्या प्राचीन काळच्या धर्मग्रंथात कापडाचा धंदा व तो सांभाळणारी स्त्री यांचे असे आदराने चित्रण व्हावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे विश्रामदिनाचा आरंभ होतो, तेव्हा भोजनापूर्वी हे काव्य म्हणण्याचा प्रघात आहे.

शोकाला घातलेली मर्यादा

इ.स.पूर्व ५८६ च्या सुमारास बॅबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने जेरुसलेम नगर जिंकले, तेथील मंदिर जाळले आणि अनेकांना बंदी करून नेले. त्या संहारावरील पाच शोककाव्ये म्हणजे 'विलापगीत' हा ग्रंथ होय. परंपरा त्याचे कर्तृत्व प्रेषित यिर्मया याच्याकडे देते.

या ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. पहिल्या व दुसऱ्या अध्यायांत प्रत्येकी २२ श्लोक असून, प्रत्येक श्लोक सुमारे तीन ओळींचा आहे. तिसऱ्या अध्यायात प्रत्येक अक्षरासाठी तीन श्लोक, म्हणून एकूण ६६ श्लोक. चौथ्यात पुन्हा २२ श्लोक. परंतु ते दोन ओळींचे. पाचव्या अध्यायातही श्लोक २२ च आहेत. मात्र तेथे अक्षरक्रम पाळलेला नाही. संख्या उरली आहे आणि क्रम सुटला आहे.

शोक करणारा माणूस अक्षरे मोजत बसेल काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर अभ्यासकांनी निरनिराळ्या प्रकारे दिले आहे. पाठांतराच्या सोयीसाठी ही रचना केली, असे एक मत आहे. दुसरे मत अधिक अंतर्मुख करणारे आहे. दुःख अपार असले, की बोलण्यास आरंभ सापडत नाही आणि आरंभ केल्यास शेवट सापडत नाही. वर्णमाला दोन्ही देते. आलेफपासून तावपर्यंत सर्व काही सांगून झाले, काही राहून गेले नाही, ही पूर्णता तिच्यात आहे. आणि ताव आला की थांबायचे, ही मर्यादाही तिच्यात आहे. रस्त्यात भुकेने कोसळणारी लेकरे, ओस पडलेल्या वेशी, सणाला कोणी न येणाऱ्या वाटा, हे सारे त्या मर्यादेच्या आत सांगितले गेले आहे. आणि तिसऱ्या अध्यायात, म्हणजे साऱ्या ग्रंथाच्या जवळजवळ मध्यभागी, करुणेवरील आशेचे श्लोक येतात.

ज्यू पंचांगातील आव महिन्याच्या नवमीस, सामान्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, हे वाचन होते. त्या दिवशी कडक उपवास असतो. प्रार्थनामंदिरातील दिवे मंद करून लोक जमिनीवर किंवा बुटक्या आसनांवर बसतात. ग्रंथाचा अखेरचा श्लोक निराशेचा असल्यामुळे त्याच्या आधीचा श्लोक पुन्हा म्हणून वाचन संपविण्याची प्रथा आहे. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरे मंदिरही नष्ट केले. त्यानंतर मंदिर उरले नाही, ग्रंथ तेवढे उरले. म्हणूनच ते जपण्याला त्या समाजात एवढे महत्त्व आले.

'पे' आधी की 'आयिन'?

येथे कथेतील पहिला पेच येतो. रूढ हिब्रू वर्णमालेत सोळावे अक्षर आयिन आणि सतरावे पे आहे. विलापगीताच्या पहिल्या अध्यायात हाच क्रम आढळतो. परंतु दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या अध्यायांत मात्र आधी पे व नंतर आयिन येते. लहान मुलालाही कळेल अशी ही 'चूक' धर्मग्रंथात तीन अध्यायांत तशीच राहिली आहे.

जुन्या ज्यू आचार्यांना ती दिसत नव्हती, असे मुळीच नाही. हिब्रूत 'पे' या शब्दाचा अर्थ तोंड आणि 'आयिन' या शब्दाचा अर्थ डोळा. तल्मूद या ग्रंथातील स्पष्टीकरण असे, की मोशेने कनान देशाची पाहणी करण्यास बारा हेर पाठविले होते. त्यांपैकी दहा जणांनी परत येऊन लोकांचे धैर्य खचविणाऱ्या गोष्टी सांगितल्या. डोळ्यांनी जे पाहिले नाही ते तोंडाने बोलले, म्हणून तोंड डोळ्याच्या पुढे गेले. परंपरेप्रमाणे ते हेर परतले ती तिथीही आव महिन्याची नवमीच. पाहण्याआधी बोलू नये, हा सत्यव्रताचा केवढा मार्मिक पाठ या दोन अक्षरांच्या अदलाबदलीतून काढला आहे!

आधुनिक काळातील काही अभ्यासकांना मात्र हा लेखनिकाचा प्रमाद वाटे. पुढे जमिनीतून निराळाच पुरावा वर आला. १९७६ मध्ये तेल अवीवच्या पूर्वेस इझ्बेत सार्ता या ठिकाणी उत्खननात एक खापर सापडले. इ.स.पूर्व बाराव्या-अकराव्या शतकांतील त्या खापरावर कोरलेल्या पाच ओळींपैकी एका ओळीत वर्णमाला लिहिलेली आहे. कोणा शिकाऊ लेखनिकाचा तो सराव असावा. त्या वर्णमालेत पे आधी आणि आयिन नंतर आहे. सिनाईच्या वाळवंटातील कुंतिलेत अज्रुद येथे १९७५-७६ मध्ये झालेल्या उत्खननात मोठ्या रांजणांवर शाईने लिहिलेल्या वर्णमाला मिळाल्या. त्या सुमारे इ.स.पूर्व ८०० च्या असून, त्यांतही पे आधीच आहे.

याचा अर्थ स्पष्ट झाला. प्राचीन काळी वर्णमालेचे दोन क्रम प्रचारात होते आणि विलापगीताचे कवी त्यांपैकी जुन्या क्रमाने लिहीत होते. नीतिसूत्रांतील गृहिणीच्या स्तुतीच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही दोन श्लोकांची जागा अशीच बदललेली आढळते. मृत समुद्राजवळील गुहांत सापडलेल्या विलापगीताच्या एका हस्तलिखितात तर पहिल्या अध्यायातही पे आधी आहे.

येथे थोडे थांबून विचार करावयास हवा. ज्या लेखनिकांनी पिढ्यान् पिढ्या हा ग्रंथ उतरविला, ते स्वतः आयिन-पे हाच क्रम शिकले होते. प्रत्येकाला ती ओळ खटकली असणार. दोन श्लोकांची अदलाबदल करणे हे घटकाभराचे काम होते आणि तसे केल्यास कोणी दोषही दिला नसता. परंतु त्यांनी जे समोर होते तेच उतरविले. त्यांनी सुधारणा केली असती, तर वर्णमालेच्या त्या जुन्या क्रमाची ही साक्ष ग्रंथातून कायमची पुसली गेली असती. ज्याला चूक समजले जात होते तोच इतिहासाचा पुरावा होता.

हरवलेला नून

दुसरा पेच १४५ व्या स्तोत्राचा आहे. हे स्तोत्र ज्यू नित्यप्रार्थनेत दिवसातून तीन वेळा म्हटले जाते. त्यात आलेफपासून मेमपर्यंत तेरा अक्षरे क्रमाने येतात. त्यानंतर नून यावयास हवे. परंतु एकदम सामेख येते. २२ अक्षरांच्या स्तोत्रात चरण मात्र २१ च आहेत. पेढीच्या खतावणीत एक पृष्ठांक गळालेला दिसावा, तसा हा प्रकार आहे. क्रम नसता तर एक चरण कमी असल्याची शंकाही कोणास आली नसती. क्रम आहे म्हणूनच उणीव दिसते.

तल्मूदमध्ये यावर चर्चा आहे. तिसऱ्या शतकातील रब्बी योहानान यांनी सांगितले, की आमोस या प्रेषिताच्या ग्रंथात इस्रायलच्या पतनाविषयीचे एक वाक्य नूनने सुरू होते. त्या अशुभाचा उच्चार टाळण्यासाठी कवीने नून गाळला. आणि लगेच पुढचा, सामेखचा चरण, पडणाऱ्यांना ईश्वर सावरतो असे सांगतो, याकडेही तेथे लक्ष वेधले आहे. पतनाचे अक्षर वगळले, पण सावरण्याचे ठेवले, असा हा भावार्थ.

१९५६ मध्ये मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील अकराव्या गुहेत स्तोत्रांची एक मोठी गुंडाळी मिळाली. चामड्यावरील हे लेखन इ.स.च्या पहिल्या शतकातील आहे. जेम्स सँडर्स या विद्वानांनी १९६५ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यात १४५ व्या स्तोत्राच्या मेम व सामेख या चरणांमध्ये नूनचा चरण आहे! प्राचीन ग्रीक व सिरियाक भाषांतरांत तसेच एका मध्ययुगीन हिब्रू हस्तलिखितातही तो चरण आढळतो. तो मूळचा असून मध्यंतरी गळाला, असे काही विद्वान मानतात. तो याच स्तोत्रातील दुसऱ्या एका चरणाशी फार मिळताजुळता असल्यामुळे रिकामी जागा भरण्यासाठी कोणी तरी मागाहून रचला असावा, असे इतर काहींचे म्हणणे आहे. हा वाद मिटलेला नाही.

परंतु त्यापेक्षाही मोठी गोष्ट निराळी आहे. ज्यू प्रार्थनामंदिरांत हे स्तोत्र पूर्वीप्रमाणेच नूनशिवाय म्हटले जाते. सुमारे दोन हजार वर्षांत तो एक चरण रचून जोडणे कोणाही विद्वान रब्बीस सहज जमले असते. पण ज्या ग्रंथाचे आपण केवळ रक्षक आहोत, त्यात आपल्या पदरचे घालावयाचे नाही, या निष्ठेने ती जागा तशीच ठेवली गेली. इतर स्तोत्रांतही अशा खुणा आहेत. ९ व १० या जोडस्तोत्राच्या मध्यभागी अनेक अक्षरे नाहीत. २५ व ३४ या दोन्हींत वाव नाही आणि शेवटी पे या अक्षराचा एक जादा चरण आहे. त्या त्या उणिवा व त्या त्या जादा गोष्टी तशाच पुढे आल्या आहेत.

जैन वाचकास येथे आपल्या आगमांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. बारावे अंग दृष्टिवाद याचा बहुतांश लोप झाला, हे जैन परंपरेने कधी लपविले नाही. बारा अंगांची नावे सांगताना बारावे नाव सांगितले जाते आणि ते आज पूर्ण स्वरूपात उपलब्ध नाही हेही सांगितले जाते. त्या जागी नवा ग्रंथ रचून त्यालाच दृष्टिवाद म्हणण्याचा मोह आचार्यांनी टाळला.

दानाची व कबुलीची अक्षरे

पुढील काळात ही परंपरा प्रार्थनेत अधिक विस्तारली. पाचव्या-सहाव्या शतकांपासून योसे बेन योसे, यान्नाय, एलाझार कल्लीर आदी कवींनी प्रार्थनागीतांत अक्षरक्रमाचा मुक्त उपयोग केला. काहींनी आद्याक्षरांत स्वतःचे नावही गुंफले. आद्याक्षरांत नाव गुंफण्याची रीत पश्चिम आशियात त्याही आधीची आहे. बॅबिलोनमधील एका प्राचीन काव्यात प्रत्येकी ११ ओळींची २७ कडवी असून, कडव्यांची आरंभीची चिन्हे जुळविली की कवीचे नाव व त्याचा परिचय तयार होतो.

मुलांना अक्षरे शिकवितानाही त्यांतून धर्मबोध केला जाई. तल्मूदमध्ये एक सुंदर प्रसंग आहे. गिमेल व दालेथ या लागोपाठच्या दोन अक्षरांवरून 'दरिद्र्यावर उपकार कर' असा अर्थ मुलांनी लावला. गिमेलचा पाय दालेथकडे पुढे सरकलेला असतो, कारण दाता गरजूला शोधत जातो. दालेथचे तोंड मात्र गिमेलकडून वळलेले असते, कारण घेणाऱ्यास लाज वाटू नये म्हणून दान गुप्तपणे करावयाचे असते. गुप्तदानाची थोरवी ज्यांनी घरोघरी ऐकली आहे, त्यांना ही दोन अक्षरे विसरता येणार नाहीत.

योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा ज्यूंचा परमपवित्र दिन. त्या दिवशी सर्वजण उभे राहून, प्रत्येक शब्दागणिक छातीवर हलकेच मूठ टेकवीत, दोषांची कबुली देतात. ही कबुलीही वर्णक्रमाने आहे. आलेफपासून आरंभ होऊन अखेरच्या तावला तीन पदे येतात, अशी एकूण २४ पदे. ती सारी 'आम्ही' या बहुवचनात आहेत. आलेफपासून तावपर्यंत ज्या ज्या अक्षराने दोष घडला असेल, तो प्रत्येक या क्रमात येतो. स्मरणातून काही निसटू नये, ही त्यामागील भावना. प्रतिक्रमणात अतिचारांचे क्रमाने स्मरण करणाऱ्या आणि संवत्सरीस सर्व जीवांची क्षमा मागणाऱ्या जैन श्रावकास हा भाव परका नाही.

कोकणातील प्रतिध्वनी

ही परंपरा दूरदेशीचीच आहे असे नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे राहिलेला बेने इस्रायल हा मराठी बोलणारा ज्यू समाज सर्वांना ठाऊक आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची निष्ठा यांमुळे गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याशी आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, त्यात धर्मग्रंथही बुडाले, असे त्यांची परंपरा सांगते. ग्रंथ गेले, तरी शब्बाथ, सुंता व 'शेमा' ही मुख्य प्रार्थना त्यांनी जपली. आणि जे हरवले ते पुढे जाणत्या धर्मबांधवांकडून विनयाने शिकून घेतले. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले. १८८० च्या सुमारास त्यांनी मराठी कीर्तनाची पद्धत स्वीकारून आपल्या धर्मकथा कीर्तनातून सांगण्यास आरंभ केला.

या समाजातील 'मलिदा' हा विधी प्रसिद्ध आहे. पोहे, नारळ, गूळ व फळे यांचे ताट मांडून प्रेषित एलियाहू याचे स्मरण केले जाते आणि त्याच्या स्तुतीचे हिब्रू गीत गायिले जाते. त्या गीताचे चरण 'पुरुष' या अर्थाच्या एका शब्दाने सुरू होतात आणि त्यापुढील शब्दांची आद्याक्षरे वर्णमालेच्या क्रमाने येतात. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथेही मलिदा होतो. पोह्या-नारळाच्या ताटासमोर आलेफपासून तावपर्यंतची अक्षरे उच्चारली जातात, तेव्हा प्राचीन जेरुसलेमची रीत आणि कोकणची माती यांचा मेळ पडतो.

समारोप

या सर्व इतिहासाचे सार काय? अक्षरांचा क्रम हा ग्रंथाचा पहारेकरी असतो. एखादी जागा रिकामी झाली, की तो ती दाखवितो. उलटापालट झाली, की तीही दाखवितो. परंतु पहारेकऱ्याने दाखविलेले खरे मानणे आणि ते झाकून न टाकणे, हे मात्र ग्रंथ सांभाळणाऱ्या माणसांवर अवलंबून असते. ज्यू लेखनिकांनी पे व आयिन यांची 'चूक' सुधारली नाही आणि नूनची रिकामी जागा भरली नाही. त्या दोन संयमांमुळे आज त्यांच्या ग्रंथावर अभ्यासकांचा अधिक विश्वास बसतो.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कोणतीही संस्था आपला पन्नास वर्षांचा इतिहास लिहू लागते, तेव्हा तिलाही हाच प्रश्न पडतो. जुन्या सभांची इतिवृत्ते कोठे सापडतात, कोठे सापडत नाहीत. एखाद्या दात्याचे नाव पावतीवर असते, पण फलकावर नसते. एखाद्या वर्षाचे पान कसरीने खाल्लेले असते. अशा वेळी ऐकीव गोष्टींनी जागा भरून इतिहास गुळगुळीत करण्याचा मोह होणे साहजिक आहे. तेथे नूनची आठवण ठेवावी. जे मिळाले ते जसेच्या तसे लिहावे आणि जे मिळाले नाही त्याची जागा मोकळी ठेवावी. पुढील पिढीतील कोणाला तरी एखाद्या माळ्यावर, एखाद्या ट्रंकेत ते हरवलेले पान सापडेल. ते कोठे बसवावयाचे, हे त्या मोकळ्या जागेवरून त्याला कळेल.